घरातील दोन संगणकांमध्ये फाइल शेअरिंग अडल्यास तपासणी कोणत्या क्रमाने करावी

एका संगणकावरचा फोल्डर दुसऱ्या संगणकावरून उघडत नाही असे दिसले की बहुतेक जण एकाच बैठकीत फायरवॉल (जाळ्यावरून येणारी नको ती वाहतूक अडवणारी भिंत) बंद करतात, पासवर्डची सक्ती काढून टाकतात, फोल्डरला सर्वांसाठी पूर्ण परवानगी देतात आणि दोन्ही संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात. यातून कधी कधी फोल्डर उघडतोही. पण तो नेमका कशामुळे उघडला हे कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी हीच धावपळ पुन्हा करावी लागते आणि मधल्या काळात दोन्ही संगणकांची सुरक्षा सैल होऊन बसलेली असते.

खरे पाहता येथे चारच प्रश्न असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. एका संगणकाला दुसरा सापडतो का? सापडल्यावर तो उत्तर देतो का? उत्तर दिल्यावर ओळख पटते का? ओळख पटल्यावर त्या फोल्डरपुरती परवानगी आहे का? आधीच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे मिळाल्याशिवाय पुढच्या प्रश्नाला हात लावू नये. परवानगीची खिडकी उघडून तासभर घालवणाऱ्या अनेकांचे संगणक मुळात एकमेकांपर्यंत पोहोचतच नसतात.

या लेखात ज्या संगणकावर फाइली ठेवलेल्या आहेत त्याला 'देणारा' आणि ज्यावरून त्या उघडायच्या आहेत त्याला 'घेणारा' म्हटले आहे. पायऱ्या विंडोज १० आणि विंडोज ११ यांना धरून लिहिल्या आहेत. मॅक असल्यास काय बदलते ते शेवटाकडे आले आहे. आज्ञा आणि पत्ते येथे देवनागरीत दिले असले, तरी टाइप करताना अक्षरे आणि अंक इंग्रजीच वापरावेत.

## तयारी

देणाऱ्या संगणकावर प्रशासकाचे अधिकार असलेल्या खात्याने लॉग-इन करावे. कोणत्याही संगणकावर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे साधन) चालू असेल तर तपासणी पूर्ण होईपर्यंत ते बंद ठेवावे, कारण अनेक व्हीपीएन अ‍ॅप घरातल्या जाळ्याकडे जाणारी वाहतूकच अडवतात. देणारा संगणक झोपी जाणार नाही अशी तात्पुरती व्यवस्था सेटिंग्जमधील 'पॉवर' विभागात करावी. तपासणी चालू असताना तो स्लीपमध्ये गेला, तर आतापर्यंत बरोबर चाललेली पायरीसुद्धा चुकल्यासारखी दिसते आणि सगळा हिशेब बिघडतो.

शेजारी कागद ठेवावा. त्यावर दोन्ही संगणकांची नावे, आयपी पत्ते (जाळ्यातील संगणकांचे आकडी पत्ते), देणाऱ्यावरील खात्याचे नेमके नाव आणि केलेला प्रत्येक बदल लिहावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर लगेच तपासून पाहावे.

तपासणीसाठी मूळ फोल्डर वापरू नये. देणाऱ्या संगणकाच्या सी ड्राइव्हवर थेट 'चाचणी' नावाचा नवा फोल्डर करून त्यात एक साधी मजकुराची फाइल ठेवावी. 'डॉक्युमेंट्स' किंवा 'डेस्कटॉप' हे फोल्डर अनेक संगणकांवर मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या क्लाउड सेवेशी जोडलेले असतात आणि त्यातल्या काही फाइली प्रत्यक्ष डिस्कवर नसून केवळ क्लाउडमध्ये असतात. अशा फाइली दुसऱ्या संगणकावरून उघडताना येणाऱ्या चुकांचा शेअरिंगशी काही संबंध नसतो, पण शोध मात्र भलतीकडे वळतो. हा फोल्डर पायरी ५ मध्ये दिल्याप्रमाणे शेअर करावा आणि त्याचे खरे शेअर-नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेवावे.

## पायरी १ : त्रुटीचा संदेश शेवटपर्यंत वाचणे

घेणाऱ्या संगणकावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, देणाऱ्याचा आयपी पत्ता, पुन्हा एक उलटी तिरकी रेघ आणि शेअरचे नाव, अशा पद्धतीने टाइप करावे, उदाहरणार्थ, \\१९२.१६८.१.२०\चाचणी. आयपी पत्ता कसा काढायचा ते पुढच्या पायरीत आहे. डावीकडच्या 'नेटवर्क' या यादीत संगणकाचे चित्र शोधत बसू नये. ती यादी वेगळ्या यंत्रणेवर चालते. तीत संगणक दिसत नसतानाही फोल्डर व्यवस्थित उघडू शकतो आणि दिसत असतानाही उघडेलच असे नाही.

संदेशाच्या खाली 'तपशील पाहा' असे बटण असल्यास ते दाबून त्रुटीचा क्रमांक लिहून घ्यावा. कोणत्या पायरीकडे वळायचे ते हा क्रमांकच सांगतो. ५३, किंवा खिडकीत ८००७००३५ अशा रूपात दिसणारा क्रमांक, म्हणजे देणाऱ्यापर्यंत पोहोचताच आले नाही. पायरी २ ते ४ पाहाव्यात. ६७ म्हणजे संगणक सापडला, पण त्या नावाचे शेअर तेथे नाही. पायरी ५ पाहावी. ८६ आणि १३२६ हे नाव किंवा पासवर्ड चुकल्याचे, १३२७ हा बहुधा रिकाम्या पासवर्डचा, १२१९ हा आधीच्या जोडणीशी झालेल्या संघर्षाचा आणि १२७२ हा पाहुणा म्हणून प्रवेश नाकारल्याचा क्रमांक आहे. या पाचांसाठी पायरी ६ आहे. क्रमांक ५, म्हणजेच ८००७०००५, आला तर बहुतेक वेळा ओळख पटलेली असते आणि परवानगी कमी पडत असते. त्यासाठी पायरी ७.

८०००४००५ हा क्रमांक मात्र फारसे काही सांगत नाही. तो आल्यास कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून 'नेट यूज (net use) \\१९२.१६८.१.२०\चाचणी' ही आज्ञा द्यावी. एक्सप्लोरर जे झाकून ठेवतो ते ही आज्ञा एका ओळीत सांगते.

सूचना : क्रमांकावरून थेट सहाव्या किंवा सातव्या पायरीकडे जाणे योग्यच आहे, पण क्रमांक मिळालाच नाही, तर पायऱ्या गाळू नयेत.

## पायरी २ : दोन्ही संगणक एकाच जाळ्यात आहेत का

दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा द्यावी आणि प्रत्यक्ष वापरात असलेल्या वाय-फाय किंवा इथरनेट जोडणीखालचा 'आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस' लिहून घ्यावा. यादीत आभासी जोडण्याही असतात, त्यांचे पत्ते उचलू नयेत. ज्या जोडणीसमोर 'डिफॉल्ट गेटवे' (म्हणजे राउटरचा पत्ता) भरलेला आहे तीच बहुधा आपली जोडणी असते.

दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन भाग सारखे असतील, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२० आणि १९२.१६८.१.३५, आणि दोघांचा गेटवे एकच असेल, तर सर्वसाधारण घरगुती मांडणीत ही पायरी पूर्ण झाली. एखाद्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी ती जोडणी दुरुस्त करावी.

पत्ते वेगवेगळ्या गटांतले असतील, म्हणजे एक १९२.१६८.०.१२ आणि दुसरा १९२.१६८.१.३५ असा, तर घरात दोन राउटर स्वतंत्र जाळी चालवत आहेत असे समजावे. वाय-फायचा पल्ला वाढवण्यासाठी दुसरा राउटर लावला की हे हमखास घडते. त्या दुसऱ्या राउटरला 'अ‍ॅक्सेस पॉइंट' या प्रकारात आणणे हाच खरा उपाय होय. एका गटातून दुसऱ्या गटात पिंग (दुसरे यंत्र उत्तर देते का ते पाहणारा छोटा संदेश) पोहोचले तरी त्यावर विसंबू नये, कारण खासगी जाळ्यासाठी विंडोज फायरवॉलचे फाइल शेअरिंगचे नियम मुळात स्थानिक गटापुरतेच मर्यादित असतात.

पत्ते एका गटातले असूनही जोडणी होत नसेल तर वाय-फायचे नाव तपासावे. 'गेस्ट' वाय-फायवरील उपकरणांना राउटर घरातल्या इतर उपकरणांपासून मुद्दाम तोडून ठेवतो. काही राउटरांत मुख्य वाय-फायसाठीही असा पर्याय असतो आणि तो 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' या नावाने सापडतो. एक संगणक २.४ गिगाहर्ट्झवर आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झवर असणे, किंवा एक तारेने व दुसरा वाय-फायने जोडलेला असणे, ही मात्र अडचण नव्हे. सामान्य राउटरात ही सगळी एकाच जाळ्याची अंगे असतात.

## पायरी ३ : देणाऱ्या संगणकावरील तीन सेटिंग्ज

पहिले, जाळ्याचा प्रकार. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' येथे चालू जोडणीचे गुणधर्म उघडून प्रकार 'प्रायव्हेट' आहे का ते पाहावे. तो 'पब्लिक' असेल तर विंडोज आपण अनोळखी ठिकाणी आहोत असे समजून शेअरिंगची दारे बंद ठेवते. राउटर बदलल्यावर किंवा वाय-फायचे नाव बदलल्यावर संगणक त्या जाळ्याला नवे मानतो आणि प्रकार पुन्हा 'पब्लिक' होऊ शकतो. 'कालपर्यंत चालत होते' या तक्रारीमागे बरेचदा एवढेच असते.

दुसरे, प्रगत शेअरिंग सेटिंग्ज. विंडोज ११ मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज', 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' असा मार्ग आहे. विंडोज १० मध्ये तेच कंट्रोल पॅनलच्या 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'मध्ये मिळते. 'प्रायव्हेट' गटाखाली 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' हे दोन्ही चालू करावेत.

तिसरे, त्याच पानावर 'ऑल नेटवर्क्स' या गटात असलेले 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग'. ते चालूच राहू द्यावे. ते बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यामुळे घेणारा संगणक पाहुणा म्हणून आत शिरू पाहतो आणि विंडोजच्या नव्या आवृत्त्या तोच प्रवेश स्वतःहून नाकारतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून 'प्रो'मध्येही ही बंदी मुळातच लागू आहे. म्हणजे सुरक्षा कमी करूनही दार उघडत नाही, उलट १२७२ ही नवी त्रुटी पदरात पडते.

चूक : दोन्ही संगणकांचे 'वर्कग्रुप' नाव सारखे नाही म्हणून फोल्डर उघडत नाही, हा समज चुकीचा आहे. वेगळ्या नावामुळे प्रवेश अडत नाही. नाव सारखे करत बसून वेळ दवडू नये.

## पायरी ४ : दार ठोठावून पाहणे

विंडोजचे फाइल शेअरिंग एसएमबी या पद्धतीने टीसीपी पोर्ट ४४५ वर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारातून, चालते. तेव्हा तपासायचे आहे ते हे पोर्ट. पिंगवरून निष्कर्ष काढणाऱ्यांची फसगत होते: पिंग आले तरी ४४५ बंद असू शकते, आणि फायरवॉलने पिंग अडवले असले तरी ४४५ उघडे असू शकते.

घेणाऱ्या संगणकावर पॉवरशेल (आज्ञा देण्याची विंडोजची दुसरी खिडकी) उघडून 'टेस्ट-नेटकनेक्शन (Test-NetConnection) १९२.१६८.१.२० -पोर्ट ४४५' ही आज्ञा द्यावी. काही सेकंदांनी येणाऱ्या उत्तरात शेवटची ओळ पाहावी. 'टीसीपीटेस्टसक्सीडेड' समोर 'ट्रू' असेल तर जाळे आणि फायरवॉल दोन्ही निर्दोष आहेत आणि यापुढे त्यांना हात लावण्याचे कारण नाही. या एका आज्ञेने निम्मे संशयित बाद होतात, म्हणून ती मी कधीही वगळत नाही.

'फॉल्स' आल्यास देणाऱ्या संगणकावर वेगळे अँटीव्हायरस आहे का ते पाहावे. अशा अनेक पॅकेजांची स्वतःची फायरवॉल असते आणि तिच्यात जाळ्याचा प्रकार वेगळा नोंदवलेला असतो. विंडोजमध्ये 'प्रायव्हेट' केलेले जाळे तेथे 'अनोळखी'च राहते. त्या पॅकेजमध्ये घरचे जाळे विश्वासू म्हणून नोंदवावे. तसे काही नसेल तर विंडोज फायरवॉलच्या 'अनुमती असलेले अ‍ॅप' या यादीत 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' समोर 'प्रायव्हेट' स्तंभात खूण आहे का हे तपासावे. तेही ठीक असेल तर 'सर्व्हिसेस' उघडून 'सर्व्हर' नावाची सेवा चालू असल्याची खात्री करावी. शेअर देण्याचे काम हीच सेवा करते.

इशारा : केवळ निदानासाठी फायरवॉल बंद करायचीच असेल, तर मिनिटभरासाठी करून चाचणी घ्यावी आणि लगेच चालू करावी. बंद केल्यावर 'ट्रू' आले, तर नियम दुरुस्त करायचा, फायरवॉल बंद ठेवायची नाही. राउटरवर ४४५ हे पोर्ट इंटरनेटसाठी उघडण्याचा तर विचारही करू नये. घरातल्या घरात फाइली देण्यासाठी त्याची गरजच नसते.

## पायरी ५ : फोल्डर खरोखर शेअर झाला आहे का

देणाऱ्या संगणकावर 'नेट शेअर' ही आज्ञा दिली की प्रत्यक्षात चालू असलेल्या शेअरची यादी मिळते. आपला फोल्डर तेथे नसेल तर तो शेअर झालेला नाही, मग त्याच्या गुणधर्मांच्या खिडकीत काहीही दिसो. शेअरचे नाव आणि फोल्डरचे नाव वेगळे असू शकते. घेणाऱ्या संगणकावर टाइप करायचे ते शेअरचे नाव. यादीत 'सी$' सारखी डॉलरचे चिन्ह असलेली नावेही दिसतील. ती विंडोजची अंतर्गत शेअर आहेत आणि घरगुती संगणकावर प्रशासकाचा पासवर्ड देऊनही ती सहसा दूरून उघडत नाहीत. त्यावरून परवानगी बिघडल्याचा निष्कर्ष काढू नये.

शेअर करताना विंडोज दोन बटणे देते आणि त्यांतला फरक लक्षात न घेतल्याने पुढचा बराचसा घोळ होतो. फोल्डरच्या गुणधर्मांत 'शेअरिंग' या टॅबवर असलेले साधे 'शेअर' बटण निवडलेल्या खात्यासाठी शेअरची परवानगी आणि डिस्कवरील फोल्डरची परवानगी या दोन्ही एकदम लावते. 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग' हे बटण फक्त शेअरची परवानगी बदलते, डिस्कवरील परवानगीला हातही लावत नाही आणि मुळात सर्वांना केवळ वाचण्याचाच अधिकार देते. ज्यांना या दोन थरांशी झटापट करायची नाही त्यांनी साधे बटण वापरावे.

शेअर केलेला फोल्डर बाहेरच्या यूएसबी डिस्कवर असेल आणि पुढच्या वेळी तिला वेगळे अक्षर मिळाले, तर शेअर हरवते. 'डिस्क मॅनेजमेंट'मधून त्या डिस्कला ठरलेले अक्षर द्यावे.

## पायरी ६ : ओळख पटणे

सर्वांत जास्त माणसे येथे अडकतात, म्हणून येथे घाई करू नये. 'नाव आणि पासवर्ड टाका' अशी खिडकी येते, आपण रोज ज्या अंकांनी संगणक उघडतो ते टाकतो, खिडकी क्षणभर जाते आणि 'चुकीचा पासवर्ड' म्हणत परत येते.

रोज वापरतो तो पिन असतो, पासवर्ड नव्हे. पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा हे त्या एका संगणकापुरते असतात; जाळ्यावरून ओळख पटवायला पासवर्डच लागतो. तोही देणाऱ्या संगणकावरील खात्याचा. घेणाऱ्या संगणकाचा पासवर्ड कितीही अचूक टाकला तरी देणाऱ्याला त्याची माहिती असण्याचे कारण नाही.

देणाऱ्यावर स्थानिक खाते असेल आणि त्याला पासवर्डच ठेवलेला नसेल, तर रिकामी चौकट चालणार नाही. रिकाम्या पासवर्डचे खाते विंडोज फक्त संगणकासमोर बसलेल्या माणसाला वापरू देते, जाळ्यावरून नाही. १३२७ ही त्रुटी बहुधा त्यातूनच येते.

देणाऱ्यावर मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर नावाच्या जागी त्याचा पूर्ण ईमेल आणि पासवर्डच्या जागी त्या खात्याचा पासवर्ड द्यावा लागतो. यातही एक गुंता आहे. संगणक पहिल्या दिवसापासून पिननेच उघडला जात असेल तर त्याने तो पासवर्ड स्वतःकडे कधी साठवलेलाच नसतो, आणि म्हणून बरोबर पासवर्डही नाकारला जातो. अशा वेळी देणाऱ्याच्या सेटिंग्जमधील 'साइन-इन ऑप्शन्स' येथे केवळ विंडोज हॅलोनेच (पिन, ठसा किंवा चेहऱ्यानेच) साइन-इन करू देण्याचा पर्याय बंद करावा, लॉग-आउट करून एकदा पिनऐवजी पासवर्डने लॉग-इन करावे आणि मग घेणाऱ्या संगणकावरून पुन्हा प्रयत्न करावा.

माझ्या मते या सगळ्यापेक्षा सरळ मार्ग वेगळा आहे. देणाऱ्या संगणकावर केवळ शेअरिंगसाठी एक स्थानिक, साध्या अधिकारांचे खाते तयार करावे, त्याला नीट पासवर्ड द्यावा आणि फोल्डर त्याच खात्याला शेअर करावा. सेटिंग्जमधील 'अकाउंट्स', 'अदर यूजर्स' येथे नवे खाते जोडताना 'मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय' हा पर्याय निवडला की ते तयार होते. पिन आणि ईमेलचा गुंता यात येतच नाही, आणि रोजच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या संगणकावर साठवावा लागत नाही. खाते 'नेट यूजर' या आज्ञेने तयार केले असेल, तर त्याच्या पासवर्डची मुदत सामान्यतः ४२ दिवसांनी संपते. सहा आठवडे सुरळीत चाललेले शेअरिंग एका सकाळी बंद पडते ते यामुळे.

नाव टाइप करताना आधी देणाऱ्या संगणकाचे नाव, मग उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचे नाव, असे लिहावे. नुसते नाव लिहिल्यास ते खाते घेणाऱ्यावरचेच आहे असे संगणक समजू शकतो. खात्याचे नाव म्हणजे लॉग-इनच्या पडद्यावर दिसणारे नाव असेलच असे नाही, कारण पडद्यावरचे नाव बदलले तरी मूळ नाव तसेच राहते. स्थानिक खात्याने लॉग-इन करून देणाऱ्या संगणकावर 'हूअ‍ॅमआय' (whoami) ही आज्ञा दिली की संगणकाचे आणि खात्याचे नाव टाइप करायच्या नेमक्या रूपात मिळते. ते तसेच्या तसे उतरवून घ्यावे.

आता साठवलेल्या ओळखीबद्दल. पूर्वी कधीतरी 'लक्षात ठेवा' अशी खूण केलेली असेल तर घेणारा संगणक जुनाच पासवर्ड मुकाट्याने पाठवत राहतो आणि आपल्याला विचारतही नाही. कंट्रोल पॅनलमधील 'क्रेडेन्शियल मॅनेजर' उघडून 'विंडोज क्रेडेन्शियल्स' या भागात देणाऱ्याच्या नावाची आणि त्याच्या आयपी पत्त्याचीही नोंद शोधावी आणि दोन्ही काढून टाकाव्यात. त्यानंतर 'नेट यूज' या आज्ञेने चालू जोडण्या पाहाव्यात. एकाच देणाऱ्याशी एकाच वेळी दोन वेगळ्या खात्यांनी जोडणी करता येत नाही. १२१९ ही त्रुटी तेच सांगते. 'नेट यूज * /डिलीट' दिल्याने सगळ्या जोडण्या सुटतात. त्याआधी शेअरवरील उघड्या फाइली साठवून बंद कराव्यात.

तपासणी : घेणाऱ्या संगणकावर लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन करावे, पत्ता नव्याने टाइप करावा आणि नव्या खात्याचे नाव व पासवर्ड द्यावा. 'चाचणी' फोल्डर दिसला की ओळखीचा प्रश्न सुटला.

## पायरी ७ : परवानगीचे दोन थर

फोल्डरपर्यंत पोहोचणाऱ्याला दोन ठिकाणी परवानगी लागते: एक शेअरची आणि एक डिस्कवरील फोल्डरची. दोन्हींत फरक असेल तर जी कडक असेल ती लागू होते. शेअरवर पूर्ण अधिकार आणि डिस्कवर केवळ वाचन असेल तर घेणाऱ्याला फक्त वाचता येईल. उलट असले तरी निकाल तोच. म्हणूनच 'सगळ्या परवानग्या दिल्या तरी फाइल साठवता येत नाही' अशी तक्रार असते तेव्हा दुसरा थर पाहायचा राहिलेला असतो. शेअरचा थर 'शेअरिंग' टॅबवरील 'अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग'मध्ये आणि डिस्कचा थर 'सिक्युरिटी' टॅबवर दिसतो. डिस्क एक्सफॅट किंवा फॅट३२ प्रकारची असेल तर 'सिक्युरिटी' टॅब नसतोच. तेथे शेअरचा थर तेवढा चालतो.

शेअरिंगसाठी केलेल्या खात्याला 'सिक्युरिटी' टॅबवर 'मॉडिफाय' एवढी परवानगी दिली की वाचणे, लिहिणे आणि पुसणे सगळे जमते. 'फुल कंट्रोल' देण्याची गरज नसते. 'डिनाय' या स्तंभात खूण करू नये; नकार हा सामान्यतः होकारावर मात करतो आणि एखाद्या गटाला दिलेला नकार त्यातल्या प्रत्येक खात्याला, कधी खुद्द मालकालाही, लागू पडतो.

फोल्डर उघडतो, बाकीच्या फाइली उघडतात, एक-दोनच नाकारल्या जातात, असे असेल तर त्या फाइली कोठून आल्या ते आठवावे. त्याच ड्राइव्हवरील दुसऱ्या फोल्डरातून हलवलेली फाइल आपल्या जुन्या परवानग्या घेऊन येते. कॉपी केलेली फाइल मात्र नव्या फोल्डरच्या परवानग्या घेते. उपाय म्हणून त्या फोल्डरच्या 'सिक्युरिटी', 'अ‍ॅडव्हान्स्ड' येथे आतल्या सर्व वस्तूंच्या परवानग्या बदलण्याचा पर्याय वापरावा.

इशारा : हा पर्याय फक्त शेअर केलेल्या फोल्डरावर वापरावा. संपूर्ण सी ड्राइव्हवर किंवा 'यूजर्स' फोल्डरावर तो चालवल्यास विंडोजच्या स्वतःच्या परवानग्या विस्कटतात आणि त्या पूर्ववत करणे अतिशय किचकट असते.

## पायरी ८ : पत्त्याने उघडतो, नावाने उघडत नाही

येथवर आल्यावर आयपी पत्त्याने फोल्डर उघडत असेल आणि संगणकाच्या नावाने उघडत नसेल, तर दोष केवळ नाव शोधण्याच्या यंत्रणेत आहे. दोन्ही संगणकांची नावे सारखी नाहीत ना, नाव १५ अक्षरांच्या आत आहे ना आणि त्यात इंग्रजी अक्षरे, अंक व जोडरेघ यांखेरीज काही नाही ना, हे पाहावे. 'नेटवर्क' यादीत संगणक दिसायला हवा असेल तर देणाऱ्याच्या 'सर्व्हिसेस'मध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा आपोआप सुरू होणारी करावी.

ही यादी दिसावी म्हणून 'एसएमबी १' हा जुना घटक चालू करण्याचा सल्ला अजूनही फिरतो. २०१७ पासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत त्याचा सर्व्हरचा भाग मुळात बसवलाच जात नाही, आणि त्याच वर्षी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने त्याच्याच त्रुटीचा वापर केला होता. दोन्ही संगणकांवर विंडोज १० किंवा ११ असताना त्याची काहीही गरज नाही.

## पायरी ९ : कायमची जोडणी

सर्व सुरळीत झाल्यावर राउटरच्या सेटिंग्जमध्ये देणाऱ्या संगणकासाठी आयपी पत्ता राखून ठेवावा, म्हणजे राउटर पुन्हा सुरू झाला तरी पत्ता बदलत नाही. मग घेणाऱ्या संगणकावर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' वापरून फोल्डरला एक अक्षर द्यावे. 'वेगळ्या ओळखीने जोडा' आणि 'लॉग-इन करताना पुन्हा जोडा' या दोन्ही खुणा कराव्यात. लॅपटॉपवर लॉग-इन होताच 'सर्व नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत' असा संदेश आला तर घाबरू नये. वाय-फाय जुळण्याआधी विंडोजने प्रयत्न केलेला असतो आणि ड्राइव्हवर क्लिक केल्यावर तो बहुतेक वेळा उघडतो. देणारा संगणक स्लीपमध्ये असताना मात्र काहीच उघडणार नाही, त्यामुळे शेअरिंगच्या वेळात तो जागा राहील अशी कायमची पॉवर सेटिंग निवडावी.

## एका बाजूला मॅक असल्यास

क्रम हाच राहतो. मॅक देणारा असेल तर सिस्टीम सेटिंग्जमधील 'जनरल', 'शेअरिंग' येथे 'फाइल शेअरिंग' चालू करून त्याच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'विंडोज फाइल शेअरिंग'खाली आपल्या खात्यासमोर खूण करावी लागते. ही खूण राहून गेली की विंडोजवरून दिलेला बरोबर पासवर्डही नाकारला जातो. मॅक घेणारा असेल तर फाइंडरमध्ये कमांड आणि के ही कळ दाबून 'एसएमबी://' आणि त्यापुढे देणाऱ्याचा आयपी पत्ता टाइप करावा.

## काम झाल्यावर मागे घ्यायचे बदल

कागदावरची नोंद समोर ठेवून तात्पुरते केलेले बदल एकेक करून मागे घ्यावेत. फायरवॉल चालू आहे का, पासवर्डची सक्ती चालू आहे का, आधीच्या प्रयत्नांत 'एसएमबी १' बसवले असल्यास ते काढले आहे का, हे पाहावे. 'एव्हरीवन'ला दिलेले पूर्ण अधिकार 'सिक्युरिटी' टॅबवरून काढावेत. साध्या 'शेअर' बटणाने केलेल्या फोल्डरात शेअरच्या थरावर 'एव्हरीवन' दिसले तर ते तसेच ठेवावे, कारण तेथे राखण डिस्कचा थर करतो. केवळ विंडोज हॅलोचा पर्याय बंद केला होता आणि नंतर स्वतंत्र खाते वापरायचे ठरले असेल, तर तो पुन्हा चालू करावा. व्हीपीएन सुरू केल्यावर जोडणी तुटत असेल तर त्या अ‍ॅपमध्ये स्थानिक जाळ्याला परवानगी देण्याचा पर्याय शोधावा. शेवटी 'चाचणी' फोल्डरचे शेअरिंग बंद करून तो पुसावा आणि 'नेट शेअर' देऊन यादीत आपल्याला हवे तेवढेच फोल्डर उरले आहेत याची खात्री करावी.